साइड स्टँडवर लावलेली मोटारसायकल वारंवार पडते : कारण कसे शोधावे

"गाडी साइड स्टँडवर लावून आत गेलो, बाहेर येऊन पाहतो तर आडवी पडलेली. स्टँड बदलून द्या." साताऱ्यात मोटारसायकली दुरुस्त करताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की गाडी पाहण्याआधी माझे पहिले प्रश्न ठरलेले असतात : कुठे लावली होती, कोणत्या बाजूला पडली आणि त्या वेळी गाडीवर कोणी बसत किंवा उतरत होते का? अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या या गावात सपाट जागा कमी आणि चढउताराच्या गल्ल्या जास्त असल्यामुळे या प्रश्नांच्या उत्तरांतच पुष्कळदा दोष सापडतो आणि नवा स्टँड घेण्याची गरज उरत नाही. उलट, कारण न शोधता नवा स्टँड बसवलेली गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा पडून परत आलेलीही मी पाहिली आहे.

तपासणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. साइड स्टँडवर उभी असलेली गाडी जमिनीला तीन ठिकाणी टेकते : पुढचा टायर, मागचा टायर आणि स्टँडचे टोक. या तीन बिंदूंचा जो लांबट, अरुंद त्रिकोण होतो, त्याच्या आत गाडीच्या वजनाचा मध्य पडला तरच गाडी उभी राहते. हा मध्य उजवीकडे चाकांच्या रेषेबाहेर गेला की गाडी उजवीकडे पडते आणि डावीकडे स्टँडच्या टोकापलीकडे गेला किंवा ते टोकच खचले की डावीकडे पडते. पुढे सांगितलेले प्रत्येक कारण एक तर हा त्रिकोण बदलते किंवा वजनाचा मध्य सरकवते.

लक्षणे

गाडी डावीकडे फारच कलते आणि सरळ करताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो, असे असल्यास स्टँड वाकलेला, झिजलेला किंवा जमिनीत रुतलेला असण्याची शक्यता असते.

गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा कोणाच्या हलक्या धक्क्याने उजवीकडे पडते, तेव्हा गाडीची उंची कमी झालेली असते किंवा स्टँडखालची जमीन उंच असते.

गाडी आधी पुढे सरकून मग पडली असेल, तर चालत्या चाकामुळे स्टँड दुमडला गेला आहे. हे लक्षण पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, कारण गाडी पडलेली दिसते, पण ती वीतभर पुढे गेली होती हे कोणी मोजत नाही.

लावल्यावर गाडी नीट उभी होती पण तासाभराने किंवा सकाळी पडलेली आढळली, तर जमीन खचली आहे किंवा टायरमधली हवा हळूहळू गेली आहे.

गतिरोधकावर स्टँडचा खडखडाट ऐकू येतो, तो आपोआप अर्धवट खाली येतो किंवा स्टँड वर असतानाही गेअर टाकताच इंजिन बंद पडते. हा दोष स्प्रिंगचा, बोल्टचा किंवा स्टँडच्या स्विचचा असतो.

शेवटचे लक्षण म्हणजे गाडी नेमकी चढताना किंवा उतरतानाच तोल सोडते. याविषयी मी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण स्टँड वाकण्याचे मूळ मला बहुतेक वेळा तिथेच सापडले आहे.

आधी जमीन पाहावी

या तपासणीला एक पैसाही लागत नाही. गाडी जिथे पडली तिथे जाऊन स्टँडचे टोक टेकले होते ती जागा पाहावी. गाडीच्या वजनाचा मोठा भाग टायर उचलत असले तरी स्टँडच्या वाट्याला आलेले वजन जेमतेम दोन-तीन बोटे रुंद अशा टोकावर येते, त्यामुळे पायाला टणक वाटणारी जमीनही त्याखाली दबते. पावसाळ्यात कृष्णाकाठची काळी माती, कोकणातल्या वाटांवरचा जांभ्याचा लाल चिखल, नुकताच टाकलेला मुरूम आणि मे महिन्यातल्या दुपारी मऊ पडलेले डांबर या चारही ठिकाणी टोक हळूहळू खाली जाते. पेव्हर ब्लॉक बसवलेल्या अंगणात एखादा सुटा ब्लॉक टोकाखाली आला, तर तो कलंडून तोच परिणाम होतो.

यावर उपाय म्हणून टोकाखाली सपाट दगड, फळीचा तुकडा किंवा पत्र्याची जाड चकती ठेवावी. मी स्वतः तळहाताएवढ्या जाड चकतीला भोक पाडून, दोरी बांधून ती सीटखाली ठेवतो. ज्यांना रोज शेतात किंवा मातीच्या अंगणात गाडी लावावी लागते, त्यांनी स्टँडच्या टोकाखाली रुंद पट्टी बसवून घ्यावी. मात्र ती पातळ असावी. स्टँडचे टोक चाकांच्या रेषेपासून सुमारे 25 सेंटीमीटर अंतरावर असेल, तर टोकाखाली 1 सेंटीमीटरची भर घातल्याने गाडीचा कल सुमारे दोन अंशांनी कमी होतो आणि आधीच सरळ उभी राहणारी गाडी तेवढ्यानेही उजवीकडे जाऊ शकते.

आपल्याकडे रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो. रस्त्याच्या डाव्या कडेला रस्त्याला समांतर लावलेली गाडी त्यामुळे आधीच डावीकडे झुकलेली असते आणि स्टँडचे टोक गटाराच्या बाजूच्या मऊ मातीत जाते. रस्त्याच्या उजव्या कडेला समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून लावलेल्या गाडीचे नेमके उलट होते : स्टँडची बाजू उंच येते आणि गाडी सरळ उभी राहते. एकाच गाडीचा स्टँड एका दिवशी छोटा आणि दुसऱ्या दिवशी मोठा वाटत असेल, तर दोष स्टँडमध्ये शोधू नये.

उतार, गेअर आणि हँडल

साइड स्टँड पुढच्या दिशेने उघडतो. याचा अर्थ असा की गाडी पुढे सरकली तर जमिनीशी होणाऱ्या घर्षणाने तो मागे दुमडतो, आणि गाडी मागे रेटली गेली तर तो अडणीवर, म्हणजे पूर्ण उघडलेला स्टँड जिथे अडतो त्या जागी, अधिक घट्ट बसतो. म्हणून उतारावर गाडीचे तोंड नेहमी चढाकडे असावे. उताराकडे तोंड करून, न्यूट्रलमध्ये लावलेली गाडी पडणार हे जवळजवळ निश्चित असते; ती केव्हा पडेल एवढाच प्रश्न असतो.

इंजिन बंद केल्यावर पहिला गेअर टाकून ठेवावा, म्हणजे मागचे चाक इंजिनाला जोडलेले राहते आणि ते सहज फिरत नाही. इथे एक बारकावा आहे, जो मला अनेक गाड्या पडल्यानंतर लक्षात आला. गेअर टाकल्यावरही साखळीतली ढिलाई आणि गेअरच्या दात्यांमधली फट यांमुळे गाडी थोडी पुढेमागे हलते, आणि साखळी सैल असेल तर ही हालचाल दोन-तीन बोटांहून अधिक असते. त्यामुळे गेअर टाकल्यावर ब्रेक हलकेच सोडून गाडी उताराच्या दिशेने जिथे अडेल तिथपर्यंत जाऊ द्यावी आणि त्यानंतरच स्टँड पूर्ण पुढे ढकलून गाडी त्यावर सोडावी. हा क्रम उलटा केला, तर आपण पाठ फिरवल्यावर गाडी ती ढिलाई भरून काढण्यासाठी सरकते आणि स्टँड जागेवरून हलतो.

हँडल पूर्णपणे डावीकडे वळवून लॉक करावे. काही गाड्यांचे हँडल दोन्ही बाजूंना लॉक होते, परंतु ते उजवीकडे वळवल्यास साइड स्टँडवरचा स्थिरपणा कमी होतो.

गाडीवर लादलेले ओझेही याच टप्प्यावर तपासावे. एका दूध घालणाऱ्या गृहस्थांची गाडी रोज एकाच गल्लीत उजवीकडे पडत असे आणि त्यांनी स्टँड दोनदा बदलला होता. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले असताना ते डाव्या बाजूने उतरून हाताशी येणारा डावा कॅन आधी रिकामा करत आणि त्या गल्लीपर्यंत पोहोचेपर्यंत सगळे वजन उजव्या बाजूला उरत असे. उजव्या कॅनमधले दूध आधी संपवण्याची सवय लावल्यावर गाडी पडणे थांबले. जास्त ओझे असताना मधला स्टँड, म्हणजेच गॅरेजात ज्याला डबल स्टँड म्हणतात तो, सपाट जमिनीवर वापरणे अधिक योग्य आहे. मात्र उताराकडे तोंड असेल तर तोही पुढच्या धक्क्याने सुटतो.

चढण्याउतरण्याची पद्धत

साइड स्टँड रिकाम्या गाडीचा तोल सांभाळण्यासाठी बनवलेला असतो. गाडी स्टँडवर असताना तिच्यावर बसू नये अशी सूचना अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत छापलेली असते आणि तिला ठोस कारण आहे. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण 112 किलोची असते. तिच्यावर 75 किलोचा माणूस डाव्या फूटरेस्टवर उभा राहून, घोड्यावर चढावे तसा चढला, तर त्याचे सगळे वजन चाकांच्या रेषेच्या डावीकडे, थेट स्टँडच्या बाजूला येते. क्लासिक 350 ही 195 किलोची गाडी असेल, तर हा भार आणखी वाढतो. असे रोज चार वेळा झाले की बोल्टचे भोक लांबट होते, स्टँडचा दांडा हळूहळू बाहेर वाकतो, गाडी दर महिन्याला थोडी जास्त कलू लागते आणि शेवटी चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेल्या पट्टीला तडा जातो. म्हणून नवा स्टँड बसवून देताना मी गाडीमालकाला माझ्यासमोर एकदा चढायला आणि उतरायला सांगतो.

चढताना गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून दोन्ही हातांनी हँडल धरावे आणि पुढचा ब्रेक दाबून ठेवावा. डावा पाय जमिनीवर ठेवूनच उजवा पाय सीटवरून पलीकडे न्यावा, गाडी सरळ करून दोन्ही पायांवर तोलावी आणि मगच डाव्या टाचेने स्टँड मागे घ्यावा. ज्यांची उंची कमी आहे त्यांना सीटवर ठेवलेली पिशवी मोठी अडचण करते, कारण पाय तिला अडकून तोल जातो; अशा वेळी सामान गाडीवर बसल्यानंतर कोणाकडून तरी घ्यावे.

उतरताना बसलेल्या अवस्थेतच डाव्या पायाने स्टँड पूर्ण पुढे ढकलावा, तो अडणीला लागल्याचे पायाला जाणवले पाहिजे, आणि एकदा मान वळवून तो डोळ्यांनी पाहावा. त्यानंतर पुढचा ब्रेक न सोडता गाडी सावकाश डावीकडे टेकवावी, ती स्थिर झाली की डावा पाय जमिनीवर घट्ट रोवून उजवा पाय काढावा. स्टँड अर्धवट उघडलेला असताना गाडी त्यावर सोडणे ही मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे, आणि घाईत असलेला अनुभवी चालकही ती करतो. उजव्या बाजूने उतरण्याची सवय मात्र मोडावी, कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि त्याने पोटरी भाजते.

मागे बसणाऱ्या व्यक्तीने चालकानंतर बसावे आणि चालकाआधी उतरावे. चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला आणि स्टँड वर घेतलेला असावा, "बसू का?" असे विचारल्याशिवाय आणि "बसा" असे उत्तर मिळाल्याशिवाय फूटरेस्टवर पाय ठेवू नये. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आजी किंवा काकू डावीकडून बसतात तेव्हा गाडी एकदम डावीकडे ओढली जाते, म्हणून चालकाने डावा पाय थोडा बाहेर रोवून गाडी किंचित उजवीकडे धरावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 123 नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड आणि पायटेकू असणे, तसेच कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असणे बंधनकारक आहे. दिसायला बरे वाटत नाही म्हणून यातले काही काढून टाकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. हाताला पकड नसलेली व्यक्ती उतरताना चालकाचा खांदा किंवा हँडल ओढते, आणि गाडी तिथेच पडते. ते भाग परत बसवावेत, असा माझा आग्रह असतो.

हवा, टायर आणि शॉकॲब्सॉर्बर

वरील सर्व ठीक असूनही गाडी सरळ उभी राहून उजवीकडे जात असेल, तर प्रथम मागच्या टायरची हवा मोजावी. हवा कमी झाली की गाडी खाली बसते, स्टँड तेवढाच राहतो, आणि म्हणून तो लांब झाल्यासारखा गाडीला उजवीकडे ढकलतो. रात्री नीट उभी असलेली आणि सकाळी पडलेली गाडी बारीक पंक्चर असलेली निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. हवा योग्य असेल, तर मागचे शॉकॲब्सॉर्बर पाहावेत. त्यांतून तेल गळत असेल किंवा सीट दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत असेल, तर ते थकले आहेत. उलट, शोभेसाठी जास्त उंचीचा टायर किंवा लांब शॉकॲब्सॉर्बर बसवल्यास गाडी उंच होते आणि डावीकडे जास्त कलते. अशा बदलानंतर स्टँडची लांबीही बदलावी लागते, हे बदल करून देणारे बहुधा सांगत नाहीत.

स्प्रिंग आणि बोल्ट

गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. तो नसेल तर दुसऱ्या व्यक्तीने ती सरळ धरून ठेवावी. साइड स्टँडच्या सांध्यावरचा चिखल ब्रशने आणि पाण्याने धुऊन, वाळवून, थोडे ग्रीस लावावे. खर्च नगण्य आहे, पण पावसाळ्यानंतर आलेल्या कित्येक गाड्यांचा दोष एवढ्यावरच गेला आहे, कारण घट्ट झालेला स्टँड पायाला पूर्ण उघडल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात अडणीपासून बोटभर मागे असतो. ज्या गाड्यांत स्टँड खाली असताना गेअर टाकल्यास इंजिन बंद होते, त्यांचा स्विच याच सांध्याजवळ असतो आणि त्यात चिखल भरल्यामुळे तो चुकीचा संदेश देतो. तो स्वच्छ करावा, परंतु त्याच्या वायरी परस्पर जोडून तो निकामी करू नये. स्टँड खाली ठेवून निघालेली गाडी डाव्या वळणावर स्टँडवर उचलली जाते आणि चालक फेकला जातो. तो स्विच नेमका यासाठीच आहे.

स्प्रिंगचे काम स्टँडला दोन्ही टोकांच्या स्थितीत ओढून धरण्याचे असते. स्टँड हाताने मध्यावर आणून सोडल्यास तो ठसठशीतपणे वर किंवा खाली गेला पाहिजे. तो मध्येच रेंगाळत असेल, स्प्रिंगची वेटोळी फाकलेली असतील किंवा तिचा आकडा झिजून बारीक झाला असेल, तर स्प्रिंग बदलावी. दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही बदलाव्यात. ताणलेली स्प्रिंग निसटल्यास डोळ्याला गंभीर इजा होते, त्यामुळे डोळ्यांचे रक्षण करणारा चष्मा लावल्याशिवाय हे काम करू नये, आणि हाताची सवय नसेल तर ते मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

आता स्टँडचे टोक धरून ते गाडीच्या बाजूला आणि बाहेर हलवून पाहावे. थोडीशी हालचाल सर्वच गाड्यांत असते, परंतु टोक 1 सेंटीमीटरहून जास्त हलत असेल तर बोल्ट सैल किंवा झिजलेला आहे. बोल्ट योग्य मापाच्या रिंग पान्याने कसावा, स्टँड अडखळत नाही ना ते पाहावे आणि मागच्या बाजूचा लॉकनट घट्ट करावा. आठवड्याभरात तो पुन्हा सैल झाला, तर भोक लांबट झाले आहे आणि कसण्याने काहीही साधणार नाही.

कुठे थांबावे

स्टँडचा दांडा वाकलेला असेल, तर तो हातोड्याने ठोकून सरळ करू नये, कारण वाकलेल्या जागी लोखंड पुन्हा वाकवल्यास तिथूनच ते तुटते. दांडा बदलणे हा सोपा उपाय आहे आणि सुटा भाग मिळतो. मात्र भोक लांबट झाले असेल, स्टँड ज्या पट्टीला बसतो ती पट्टी तिरकी झाली असेल, वेल्डिंगवर केसासारखी रेघ किंवा गंजाची बारीक ओळ दिसत असेल, तर घरची दुरुस्ती तिथेच थांबवावी आणि गाडी साइड स्टँडवर लावणे बंद करावे. ती पट्टी चेसिसचा भाग असते. रस्त्याकडेच्या कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे जाऊन तिला टाका मारून घेणे धोक्याचे आहे, कारण चेसिसची नळी पातळ असते आणि जास्त तापल्यास ती टाक्याच्या शेजारी कमकुवत होते. शिवाय बॅटरी न काढता विजेचे वेल्डिंग केल्यास इंधन इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. चेसिसचे काम करणाऱ्या माहीतगार माणसाकडे किंवा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच हे काम करून घ्यावे. चालत्या गाडीत स्टँड आपोआप खाली येत असेल, तर गाडी तिथपर्यंत चालवत नेऊ नये. ती ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यावी. स्विच स्वच्छ करूनही इंजिन बंद पडत असेल, तर तेही काम वायरिंग जाणणाऱ्याचे आहे.

गाडी पडलेलीच असेल तर आधी चावी बंद करावी. पेट्रोल सांडले असल्यास जवळ कोणालाही विडी-सिगारेट ओढू देऊ नये आणि वास जाईपर्यंत गाडी सुरू करू नये. ती उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड उघडून ठेवावा, म्हणजे उचललेली गाडी पलीकडे पडत नाही. गेअर टाकावा, पाठ सरळ ठेवून गुडघ्यांच्या जोरावर उचलावे आणि जड गाडीसाठी दुसऱ्या माणसाची वाट पाहावी. अनेक इंजेक्शन गाड्यांत कलण्याची जाणीव घेणारा सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी उभी केल्यावर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय अशी गाडी सुरू होत नाही. ब्रेकचा दांडा वाकला असेल, हँडल चाकाशी सरळ रेषेत नसेल किंवा खाली तेलाचा थेंब दिसत असेल, तर ती चालवत नेऊ नये.

मिस्त्रीकडे जाताना गाडी जिथे पडली त्या जागेचे, स्टँडच्या टोकाने जमिनीत केलेल्या खुणेचे आणि गाडी सपाट जमिनीवर साइड स्टँडवर उभी असताना मागून काढलेले एक छायाचित्र सोबत न्यावे, आणि ती कोणत्या बाजूला व किती वेळाने पडली हे सांगावे.